चादरीखाली ठरलेले सात हजार

फेब्रुवारीची अकरा तारीख, मंगळवार, सकाळचे सव्वादहा. ठिकाण माजलगावातला एक हाडांचा दवाखाना. सांगितलेली रक्कम चौसष्ट हजार: अठ्ठावन्न हजार ऑपरेशन, तीन दिवसांची खोली आणि खांद्यात बसवायची पट्टी यांचे, सहा हजार भुलीचे वेगळे. हजर माणसं चार: काउंटरवरचे गृहस्थ, मी, माझी बायको आणि माझे वडील. वडील हजर होते, पण त्यांनी रक्कम ऐकली नाही. त्यांचा उजवा हात झोळीत होता, त्यामुळे दोन्ही कान झाकता येईनात. म्हणून त्यांनी डावा कान डाव्या हाताने झाकला आणि उजवा कान भिंतीला लावून ते उभे राहिले.

काउंटरवरच्या गृहस्थांनी विचारलं, "बाबांच्या कानाचंही काही आहे का?"

मी म्हणालो, "नाही. ते उघड्यावर सांगितलेला भाव ऐकत नाहीत."

वडिलांना आम्ही आबा म्हणतो. वय चौऱ्याहत्तर. दिंद्रुडच्या आसपासच्या बाजारांत चाळीस वर्षं त्यांनी मेंढरं, शेळ्या आणि अधूनमधून बैल यांचे सौदे जुळवून दिले. आमच्या बाजारात जुनी माणसं जनावराचा भाव तोंडाने बोलत नाहीत. घेणारा आणि विकणारा एकमेकांचा उजवा हात धरतात, वर रुमाल टाकतात आणि आत बोटांनी व्यवहार करतात. एक बोट धरलं की एक हजार, पाची धरली की पाच, बोट अर्ध्यावर दाबलं की पाचशे. दोघांनी सारखीच बोटं दाबली की सौदा जुळला. हात रुमालाखाली असेपर्यंत कुणी अवाक्षर काढायचं नाही. काढलं तर सौदा मोडला. जुळलेला सौदा मागून मोडणाऱ्याच्या हातावर पुन्हा कुणी रुमाल टाकत नाही.

मी स्वतः साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर आहे. गाडी चढली, आकडा लागला, चिठ्ठी निघाली, की माझं काम संपलं. तेवीस वर्षांत माझ्या चिठ्ठीत आणि आकड्यात फरक पडलेला नाही. त्यामुळे पैशाच्या गोष्टीत बापलेकांचं कधी पटलं नाही. त्यांना माझा हिशेब उघडानागडा वाटतो आणि मला त्यांचा कळतच नाही.

खांदा मोडला रविवारी. एका गिऱ्हाइकाला ते मेंढा दाखवत होते. "लेकरावानी गरीब हाय, कुणालाबी इचारा," असं म्हणत ते मेंढ्याच्या पुढे उभे राहिले. मेंढा चार पावलं मागे गेला. गिऱ्हाइकाला वाटलं तो लाजला. मग त्याने ढुशी दिली आणि आबा उजव्या खांद्यावर पडले. पडल्या जागेवरून त्यांचे पहिले शब्द होते, "बगितली का ताकद?" मेंढा त्याच दिवशी विकला गेला.

काउंटरवर रक्कम सांगून झाल्यावर आबांनी कान मोकळा केला, गळ्यातला रुमाल डाव्या हाताने काढला आणि काउंटरवरच्या गृहस्थांच्या हातावर टाकला. मग झोळीतला उजवा हात बाहेर काढायला गेले आणि कळ आल्यामुळे मट्‌कन खाली बसले. गृहस्थांनी हात असा मागे ओढला की पेनांचा डबा पडला.

"ओ बाबा, वर कॅमेरा हाय! मला नोकरी करायचीय हितं."

"मग भाव कोण ठरविणार?"

"भाव ठरलेलाच हाय. मघाशी सांगितला की."

"मी न्हाई ऐकला," आबा म्हणाले, आणि ते खरंच होतं.

मग त्यांनी मला बजावलं, भाव ठरल्याबिगर मी आत पाऊल टाकणार न्हाई. बायको म्हणाली, "आबा, खांदा मोडलाय, बैल घ्यायचा न्हाई." ते म्हणाले, "बैल तरी दात दाखवतो, सूनबाई. डाक्टर काय दाखवतो?"

दुपारी भुलीच्या मॅडम आल्या. वय पस्तिशीच्या आसपास. त्या माजलगावातल्या तीन दवाखान्यांत जातात आणि त्यांचं सोनोग्राफीचं छोटं यंत्र त्यांच्या गाडीत मागच्या सीटवर पट्टा लावून बसवलेलं असतं. मी ते उचलायला गेलो तर म्हणाल्या, "राहू द्या, त्याला फक्त मी हात लावते." मला बाई आवडल्या. मीही काट्याच्या वजनांना कुणाला हात लावू देत नाही.

त्यांनी आबांचा छातीचा जुना फोटो उजेडाकडे धरला. आबांना तरुणपणी क्षय झाला होता. डावं फुप्फुस तेव्हापासून आक्रसलेलं आहे. वर चाळीस वर्षांच्या विड्या. मॅडमनी मला खुर्चीवर बसवलं आणि समजावलं. मला समजलं तसं लिहितो.

पूर्ण भूल द्यायची तर नळी घालून श्वास यंत्रावर घ्यावा लागतो. अशा फुप्फुसांचा माणूस यंत्रावरून परत कधी उतरेल, ते सांगता येत नाही. दुसरा मार्ग म्हणजे फक्त खांदा बधिर करायचा. त्यासाठी मानेत सुई देतात. पण छातीच्या तळाचा, श्वासाचा पडदा हलवणारी नस तिथे खांद्याच्या नसांना लागूनच जाते. औषध पसरलं की त्या बाजूचा पडदाही काही तास झोपतो. धडधाकट माणसाला पत्ताही लागत नाही. आबांचा मोडलेला खांदा उजवा, आणि त्यांची सगळी भिस्त उजव्या फुप्फुसावर. उजवा पडदा झोपला तर बाकी राहतं ते आक्रसलेलं डावं.

"म्हणून मी सुई जरा खाली देणार," मॅडम म्हणाल्या, "सोनोग्राफीत नस बघत बघत. औषध नेहमीच्या निम्म्याहून कमी. आणि दुसरी सुई मागून, खवाट्याच्या हाडापाशी. वेळ जास्त लागतो, पण पडदा बहुतेक जागा राहतो. बोटंही बहुतेक जागी राहतात."

"बहुतेक म्हणजे शंभरात किती?" मी विचारलं.

"तुमच्या वडिलांसारखी शंभर माणसं आणा, मग मोजून सांगते. धोका कमी आहे, शून्य नाही."

मी वहीत 'धोका: कमी' असं लिहिलं. तेवीस वर्षांत आकड्याच्या जागी अक्षर लिहिण्याची ती माझी पहिलीच वेळ.

मग त्यांनी आबांना सांगितलं, एक दीर्घ श्वास घ्या आणि त्या एका श्वासात जितकं जमेल तितकं मोठ्याने मोजा. आबांनी छाती भरली आणि सुरू केलं, "दोन, चार, सहा, आठ..." ते थांबले अडतीसला. मॅडमच्या भुवया वर गेल्या.

"वा! अडतीस?"

"एकोणीस," मी म्हणालो. "ते मेंढरं मोजल्यासारखं जोडीनं मोजतात."

आबांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू बाजारात गिऱ्हाइकापुढे मी मेंढीचं वय सांगितलंय. "घरचाच फितूर," ते बायकोला म्हणाले. मॅडमनी कागदावर एकोणीस लिहिलं आणि मला म्हणाल्या, "हा आकडा लक्षात ठेवा. उद्या सुई दिल्यावर मी पुन्हा मोजायला लावणार. एकोणिसाचे अठरा-सतरा झाले तर चालेल. दहाच्या खाली गेले, किंवा बोलणंच थांबलं, तर मला नळी घालावी लागेल."

आता उरला संमतीचा कागद. आबांनी डाव्या हाताचा अंगठा पुढे केला आणि कागदाच्या एक इंच वर तसाच धरून ठेवला. "भाव?"

इथे चूक माझी आहे आणि ती मी कबूल करतो. मला खोटं बोलायचं नव्हतं, आणि खरं ऐकायला ते तयार नव्हते. मी म्हणालो, "आबा, इथं बाहेर कुणी भाव ठरवत नाही." वाक्य अक्षरशः खरं होतं. त्यांनी जरा विचार केला, मान हलवली, "अस्सं व्हय. आत ठरतो," आणि अंगठा टेकवला. मी कागद लगेच उचलून काउंटरवर दिला.

बुधवारी सकाळी नऊला त्यांना आत नेलं. मी दाराबाहेरच्या बाकावर घड्याळ बघत बसलो. नऊ चाळीसला सिस्टर बाहेर आल्या. त्यांचा चेहरा बघून मी उभा राहिलो.

"बाबा बोलायचे थांबलेत. असं घरी कधी करतात का?"

मला टोपी, झगा आणि सपाता दिल्या. सपाता दोन्ही डाव्या पायाच्या होत्या. मी तसाच आत गेलो.

आबा टेबलावर अर्धवट बसवलेले होते, गळ्यापर्यंत हिरवी चादर. हाडांचे डॉक्टर धुतलेले हात वर धरून कोपऱ्यात उभे होते, कुठे टेकता येत नसल्यासारखे. मॅडम टेबलाच्या उजवीकडे वाकल्या होत्या. त्यांचा उजवा हात चादरीखाली, डाव्या हातात ऑक्सिजनचा मास्क. शेजारच्या ताटात नळी काढून ठेवलेली होती. मी आधी मॉनिटरवरचा ऑक्सिजनचा आकडा बघितला. चौऱ्याण्णव. आबांना आत नेलं तेव्हाही चौऱ्याण्णवच होता म्हणे.

मॅडम भराभर बोलल्या, "सुई देऊन वीस मिनिटं झाली. खांदा छान बधिर झालाय. आत्तापर्यंत बडबड चालू होती. मग बोटांत ताकद आहे का बघायला मी चादरीखाली हात दिला, म्हटलं दाबा. एकेक बोट चाचपलं, दोनदा चाचपलं. तेव्हापासून एक शब्द नाही. पडदा गेला की काय ते सोनोग्राफीत बघते म्हटलं, तर हात सोडत नाहीत!"

"बाबा, बोला! दम लागतोय का?" सिस्टर ओरडल्या.

आबांनी ओठ घट्ट मिटले. डोळे अर्धे मिटलेले, नजर भिंतीवरच्या घड्याळाकडे, जसं काही इथे जे चाललंय त्याच्याशी आपला संबंधच नाही. हा चेहरा मी लहानपणापासून दर बाजारी बघितलेला आहे.

"मॅडम," मी म्हणालो, "नळी नको. आबा सौदा करतायत."

"काय करतायत?"

मी दोन वाक्यांत सांगितलं: कापड, उजवा हात, बोटं, हजार. मॅडमनी चादरीकडे पाहिलं.

"मग त्यांना सांगा ना बोलायला!"

"बोलले तर सौदा मोडतो. चाळीस वर्षांत एकदाही बोललेले नाहीत."

"आत्ता किती भाव चाललाय?"

"ते मला कसं कळणार? चादरीखाली आहे."

हाडांचे डॉक्टर हात वरच ठेवून म्हणाले, "मॅडम, मला अकराला दुसरी केस आहे."

"मी काय करू ते सांगा," मॅडम मला म्हणाल्या.

"त्यांनी शेवटी जितकी बोटं धरलीत, तितकीच तुम्ही त्यांची दाबा. कमी नाही, जास्त नाही."

चादर दोनदा हलली. आबांच्या तोंडातून मोठ्ठा श्वास बाहेर पडला. "जमलं!" ते गरजले. सिस्टरच्या हातून कापसाचा बोळा पडला.

"बाबा, मोजा! आत्ताच्या आत्ता," मॅडम म्हणाल्या.

"दोन, चार, सहा..." छत्तीसला दम संपला. माझ्या तोंडून आणि मॅडमच्या तोंडून एकदमच आलं, "अठरा." मोकळ्या झालेल्या हाताने मॅडमनी यंत्राचा दांडा आबांच्या बरगड्यांखाली टेकवला आणि मला यंत्रावर श्वासाचा पडदा दाखवला. काळ्यात एक पांढरी कमान होती. ती खाली जात होती आणि वर येत होती.

"हलतोय," त्या म्हणाल्या. सिस्टरनी नळी कपाटात ठेवली. बाहेर बाकाकडे जाताना मी दोनदा अडखळलो. दोन डाव्या सपातांमुळे असेल.

ऑपरेशन सव्वा तास चाललं. मॅडमनी आबांना सतत बोलत राहायला सांगितलं होतं आणि त्यांनी ते मनावर घेतलं. दोन दाती, चार दाती, जुळलेला म्हणजे सगळे दात आलेला बैल कसा ओळखायचा, हे त्यांनी सगळ्या खोलीला शिकवलं. हाडांच्या डॉक्टरांनी स्क्रू फिरवताना विचारलं, "बाबा, काही कळतंय का?" तर आतून आवाज आला, "आमाला कळतंय. तुमाला कळतंय का बगा." बाहेर बाकावर मला सगळं ऐकू येत होतं. ऐकू येत होतं तोवर मी घड्याळ बघितलं नाही.

खोलीत आणल्यावर आबांनी मला जवळ बोलावलं. खांदा पट्ट्यांत बांधलेला, पण पंजा मोकळा होता. त्यांनी माझा हात पांघरुणाखाली ओढला. आधी पाचही बोटं दाबली, मग पुन्हा पाच. दहा. मॅडमनी दोनदा चाचपलेली बोटं ती हीच. मग पाच आणि दोन दाबून डोळा मिचकावला. दहा मागितले होते, सातावर आणले.

"लई चिवट बाई हाय," ते म्हणाले. "पर बोटं धरायला मऊ."

म्हणजे सहा हजारांच्या बिलाचा त्यांनी घासाघीस करून सात हजारांवर सौदा केला होता.

बायको म्हणाली, "सांगू नका. सात द्या आणि गप बसा." पण सात कुणाला द्यायचे? काउंटरवर गेलो तर गृहस्थ म्हणाले, "साहेब, कॉम्प्युटर सहाच घेतो. जास्त टाकले की लाल होतो." मॅडमना गाठलं तर म्हणाल्या, "बिलापेक्षा एक रुपया मी घेणार नाही." हजाराची बाब राहिली अधांतरी, आणि अधांतरी रक्कम मला झोपू देत नाही. गुरुवारी मी आबांना सांगायला गेलो. "आबा, बिल..." म्हणताच त्यांनी उजवा कान उशीत घातला आणि डावा हाताने झाकला.

शेवटी मी पांघरुणाखाली हात घातला. आयुष्यात पहिल्यांदा. पाच दाबली, मग एक. ते बोट मी बराच वेळ धरून ठेवलं.

आबांनी आपलं बोट सोडवून घेतलं. मला वाटलं, हरल्याचं दुःख असेल. ते म्हणाले, "तिनं चढवून मागितलं, मी फसलो. फसलो तर फसलो. पर सौदा जुळलाय. ती नळी घेऊन उभी व्हती आन् तरीबी तिनं बोटं दाबली, नळी न्हाई घातली. तिचं बुडवून मी घरी यायचो न्हाई."

"ती घेत नाही आबा."

"मग मी हितंच ऱ्हातो."

मी हिशेब मांडला. खोलीचे तीन दिवस बिलात होते. पुढच्या दर दिवसाला बाराशे. म्हणजे हजार रुपये देण्यासाठी पहिल्याच दिवशी बाराशे जाणार. मी हे त्यांना सांगितलं नाही, कारण तो भाव उघड्यावरचा होता.

शुक्रवारी सकाळी मॅडम शेवटची तपासणी करायला आल्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, स्टूल ओढलं आणि उजवा हात पुढे केला. "टाका रुमाल."

आबांनी डाव्या हाताने रुमाल टाकला. रुमाल हलत होता, थांबत होता, पुन्हा हलत होता. घेणारी बाई भाव पाडत होती आणि देणारा चढवत होता. असा सौदा आमच्या बाजारात झाल्याचं मी ऐकलेलं नाही. मॅडम डाव्या मनगटावरचं घड्याळ बघत होत्या आणि मधूनच आबांच्या छातीकडे. मला वाटलं घाईत असतील. पुरं एक मिनिट गेलं, मग त्यांनी दाबलं आणि रुमाल उचलला.

"सोळा," त्या सिस्टरना म्हणाल्या.

"सोळा कुठं?" आबा उसळले. "साडेसाहा!"

"सोळा श्वास, बाबा, मिनिटाला. श्वास मोजतेय असं सांगितलं की माणूस साधा श्वास घेतच नाही. उत्तम चाललंय. जा घरी."

आबांनी माझ्याकडे बघितलं. आपण इतका वेळ भाव करत असताना समोरची बाई दुसरंच काही मोजत होती, हे त्यांना सावकाश उमगलं. "मंजी तिचं ध्यान सौद्यात नव्हतंच," ते मला म्हणाले, आणि जरा वेळाने, "तरीबी तिनं सातावरनं पाचशे उतरवलं."

चौदा फेब्रुवारी, शुक्रवार, दुपारी बारा. दिलेली रक्कम: दवाखान्याच्या काउंटरला चौसष्ट हजार, त्यात भुलीचे सहा हजार, पावतीसह. भुलीच्या मॅडमना पाचशेची एक नोट, आबांच्या डाव्या हाताने, पावतीशिवाय.